डोळे बांधलेली मुलगी, दाराशी बघणारा कुत्रा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात इंग्लंडच्या राजाराण्यांच्या जुन्या छापचित्रांवर, म्हणजे 19व्या शतकातल्या एनग्रेव्हिंग्जवर, दोन पानं लिहिली होती आणि सोबत एक चित्र छापलं होतं, पांढऱ्या कपड्यातली, डोळे बांधलेली मुलगी हात पुढे करून लाकडी ठोकळा चाचपडतेय ते. त्यावर खूप पत्रं आणि मेल आले, काहींनी तर घरातल्या जुन्या पुस्तकांतल्या पानांचे मोबाईलवर काढलेले फोटोही पाठवले, ते बघताना दोन रात्री कशा गेल्या कळलं नाही. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतोय.

प्रश्न (नाशिक): माझ्या आजोबांच्या इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकात अगदी हेच चित्र होतं, लहान होते तेव्हा ते पान आलं की मी डोळे मिटून पुढचं पान उलटायचे. ती मुलगी कोण, आणि तिला खरंच असं मारलं का?

उत्तर: ताई, ती लेडी जेन ग्रे. 1553 च्या जुलैमध्ये सहावा एडवर्ड वारला, तोही पंधरा वर्षांचाच होता, आणि दरबारातल्या मोठ्या लोकांनी आपल्या सोयीसाठी या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला गादीवर बसवलं. 10 जुलैला तिच्या नावाची द्वाही फिरली आणि 19 जुलैला खेळ संपला, लोक एडवर्डच्या बहिणीच्या, मेरीच्या बाजूने गेले आणि जेन जिथे राणी म्हणून राहत होती त्याच टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात कैदी झाली. मेरीने तिला लगेच मारलं नव्हतं, पण 1554 च्या सुरुवातीला बंड झालं आणि त्यात जेनचे वडीलच सामील झाले, मग ती जिवंत असणं हाच धोका ठरला. 12 फेब्रुवारी 1554 ला तिचा शिरच्छेद झाला. त्याच दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याला बाहेर टॉवर हिलवर मारलं होतं आणि गाडीतून परत आणलेलं त्याचं प्रेत तिने पाहिलं होतं.

आता चित्राकडे या. मूळ पेंटिंग फ्रेंच चित्रकार पॉल दलारोशचं, 1833 चं, 1834 ला पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं तेव्हा बघायला झुंबड उडाली. त्यात आपल्याला काय दिसतं, तर एक अंधारी दगडी जागा, जाडजूड खांब, जमिनीवर रक्त शोषायला पसरलेलं गवत, कुऱ्हाड घेतलेला माणूस, एक दासी बेशुद्ध होऊन खांबाशी कलंडलीय, दुसरी भिंतीकडे तोंड करून उभी आहे, आणि मधोमध पांढऱ्या रेशमी कपड्यातली जेन. खरं तर हे सगळं उघड्यावर झालं, टॉवरच्या आवारातल्या हिरवळीवर, दिवसाउजेडी, बघायला माणसं होती. आणि तिने घातला होता काळा पोशाख. म्हणजे दलारोशने तळघर आणलं, अंधार आणला आणि काळ्याचं पांढरं केलं.

पण एक गोष्ट त्याने बनवलेली नाही, आणि तीच चित्राचा जीव आहे. त्या काळच्या नोंदीत लिहिलंय की जेनने स्वतःच रुमालाने डोळे बांधले आणि मग तिला ठोकळा सापडेना, हाताने चाचपडत ती म्हणाली, काय करू मी, कुठे आहे ते? तेव्हा जवळच्या कुणीतरी तिला धरून पुढे नेलं. एवढंच वाक्य. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो होतो, कारण राणी, गादी, बंड, धर्म सगळं बाजूला राहतं आणि उरते फक्त एक पोर जिला अंधारात हात टेकायला जागा सापडत नाहीये. दलारोशने नेमका तो क्षण पकडला. चित्रात तिच्या हाताला वाट दाखवणारा जो वयस्कर माणूस आहे तो टॉवरचा अधिकारी सर जॉन ब्रिजेस.

आणि आजोबांच्या पुस्तकात ते कसं आलं, तर एनग्रेव्हिंगमुळे. मूळ पेंटिंग अडीच मीटर उंच आणि जवळपास तीन मीटर रुंद, ते किती लोक बघणार? पण त्यावरून धातूच्या प्लेटवर कोरून काढलेले छाप युरोपभर विकले गेले, मग त्यावरून लाकडावर लहान आवृत्त्या निघाल्या, त्या पुस्तकांत गेल्या आणि पुस्तकं बोटीत बसून इकडे आली. यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. हे पेंटिंग 1902 मध्ये ब्रिटिश सरकारी संग्रहात दान म्हणून आलं आणि जानेवारी 1928 मध्ये थेम्स नदीला पूर येऊन टेट गॅलरीच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा ते नष्ट झालं असंच धरलं गेलं. थेट 1973 मध्ये त्या पुराने खराब झालेल्या दुसऱ्याच एका कॅनव्हासच्या गुंडाळीत ते सापडलं, चांगल्या अवस्थेत! म्हणजे पंचेचाळीस वर्षं मूळ चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतंच, जगाला जेन ग्रे माहीत होती ती छापांमधून, तुमच्या आजोबांच्या पुस्तकातल्यासारख्या पानांमधून. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

प्रश्न (पुणे): जुन्या बाजारात रद्दीवाल्याकडे इंग्लंडच्या इतिहासाचं बाइंडिंग सुटलेलं पुस्तक मिळालं, चित्रांनी भरलेलं. एका दरबाराच्या चित्रात वरपासून खालपर्यंत केसासारखी बारीक सरळ पांढरी रेघ आहे, राजाच्या खांद्यावरून जाते. कागद दुमडलाय म्हणावं तर घडी नाही. हा छपाईतला दोष आहे का?

उत्तर: काका, तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला आणि खरं सांगतो, आनंद झाला, कारण ती रेघ दोष नाही, ती दोन लाकडांमधली सांध आहे.

हे चित्र लाकडावर कोरलेलं आहे. लाकूड कुठलं, तर बॉक्सवूड, अतिशय घट्ट, आणि ते उभ्या पट्टीसारखं नाही तर खोड आडवं कापून त्याची चकती घ्यायची, म्हणजे दाणा वर येतो आणि धातूवर चालवतात तशी कोरणी त्यावर चालवता येते, लाकूड चिरफाळत नाही. इंग्लंडमध्ये ही पद्धत थॉमस ब्यूइक या कारागिराने 18व्या शतकाच्या शेवटी एवढ्या उंचीवर नेली की पुढची शंभर वर्षं पुस्तकं आणि मासिकं तिच्यावरच चालली. पण बॉक्सवूडचं झाड बारीक, खोड हातभरही रुंद नसतं, मग पानभर चित्राला एवढा मोठा ठोकळा आणायचा कुठून? तर लहान लहान तुकडे अगदी तंतोतंत घासून एकमेकांना जोडायचे, 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत तर मागून नट-बोल्टने आवळायची सोय झाली. याचा फायदा असा की चित्रकाराने पूर्ण ठोकळ्यावर चित्र काढलं की बोल्ट सोडायचे, एकेक तुकडा एकेका कारागिराला द्यायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी कोरायला बसायचं. 1842 मध्ये लंडनमध्ये सचित्र साप्ताहिक सुरू झालं, त्याच्यामागून बरीच आली, त्यांना शनिवारी अंक काढायचाच असायचा, मग बुधवारी घडलेली गोष्ट शनिवारी चित्रात यायची ती या युक्तीने. सांध्याजवळच्या रेघा आधीच कोरून ठेवायचे म्हणजे जोडल्यावर दोन हातांचं काम वेगळं दिसू नये. पण छपाईच्या दाबाने हजारो प्रती निघता निघता तुकडे किंचित हलतात आणि फटीत शाई बसत नाही, तीच तुमच्या राजाच्या खांद्यावरची पांढरी रेघ.

आता एक करा, भिंग घ्या आणि राजाच्या झग्यावरची सावली बघा. तिथे रेघा एकमेकींना छेद देऊन जाळी झालेली दिसेल. कागदावर पेनने अशी जाळी काढायला दोन सेकंद लागतात. पण लाकडावर जे छापायला हवं ते उंच राहतं आणि बाकीचं कोरून काढायचं असतं, म्हणजे त्या जाळीच्या दोन रेघांमधला प्रत्येक शंकरपाळ्याएवढा, नाही, शंकरपाळ्याच्या शंभराव्या भागाएवढा पांढरा चौकोन कुणीतरी एकेक करून टोचून बाहेर काढलाय. एका बोटाच्या पेराएवढ्या जागेत मी एकदा मोजायला बसलो होतो आणि दोनशेच्या पुढे सोडून दिलं. ठोकळा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवायचा म्हणजे हवा तसा फिरवता येतो, रात्री दिव्यासमोर पाणी भरलेला काचेचा गोळा ठेवायचा म्हणजे उजेड एका जागी एकवटतो, आणि मान खाली घालून तासन् तास हेच. बहुतेकांची नावंसुद्धा चित्रावर नाहीत, कोपऱ्यात असलं तर कारखान्याचं नाव असतं, लंडनच्या डॅल्झिएल बंधूंसारखं. मला ही माणसं राजांपेक्षा जास्त आठवतात.

प्रश्न (ठाणे): मुलाच्या प्रोजेक्टसाठी नेटवरून किंग जॉन मॅग्ना कार्टावर पिसाच्या लेखणीने सही करतोय असं जुनं चित्र काढून लावलं तर टीचर म्हणाल्या हे चूक आहे. आता खाली तर स्पष्ट लिहिलंय!

उत्तर: टीचर बरोबर आहेत. मॅग्ना कार्टा म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद, तिच्यावर 15 जून 1215 ही तारीख आहे, जागा थेम्सकाठचं रनीमीड, सरदारांनी राजाला कोंडीत पकडलं हेही खरं, पण सही झाली नाही. तेव्हा अशा दस्तऐवजावर राजा सही करायचा नाही, मेणाची राजमुद्रा लागायची आणि तीही राजाचे अधिकारी लावायचे. त्या वर्षीच्या ज्या चार प्रती आज उरल्यात, दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनची, एक सॉल्सबरीची, त्यातल्या एकीवरही जॉनची सही नाही. पण 19व्या शतकातल्या चित्रकाराची अडचण समजून घ्या, शिक्का मारणारा कारकून दाखवला तर कोण बघणार, आणि नाइलाजाने दात-ओठ खात लेखणी उचललेला राजा दाखवला तर सगळं एका नजरेत कळतं. चित्र काढून टाकू नका, राहू दे, फक्त खाली मुलाला त्याच्या अक्षरात लिहायला सांगा की हे चित्र घटनेनंतर साडेसहाशे वर्षांनी काढलेलं आहे आणि प्रत्यक्षात शिक्का लागला होता. प्रोजेक्ट जास्त चांगला होईल.

प्रश्न (सातारा): टॉवरमधल्या दोन राजपुत्रांचं चित्र बघून मला आपल्या नारायणरावांचीच आठवण झाली. काका मला वाचवा! तिथेही काकानेच मारलं ना?

उत्तर: तुम्हीच नाही, अकरा पत्रांत हेच आहे, आणि ते साहजिक आहे. शनिवारवाड्याच्या गोष्टीवर वाढलेल्या माणसाला दुसरं काही आठवणारच नाही.

तिकडची हकीकत अशी. 9 एप्रिल 1483 ला चौथा एडवर्ड वारला, मोठा मुलगा बारा वर्षांचा, तो पाचवा एडवर्ड, धाकटा रिचर्ड नऊ वर्षांचा. राज्य सांभाळायला काका, ग्लॉस्टरचा ड्यूक रिचर्ड. दोघा मुलांना टॉवरमध्ये ठेवलं, तेव्हा टॉवर हा राजवाडाही होता त्यामुळे सुरुवातीला त्यात कुणाला वावगं वाटलं नाही, राज्याभिषेकाआधी राजा तिथेच राहायचा. पण मग आईबापाचं लग्नच बेकायदेशीर होतं असं काढून मुलांना बाजूला सारलं, 6 जुलैला काकानेच तिसरा रिचर्ड म्हणून मुकुट घातला, आणि मुलं आधी आवारात खेळताना दिसायची ती हळूहळू खिडकीतच दिसायला लागली आणि मग दिसेनाशी झाली. बस्स. प्रेत नाही, साक्ष नाही, खटला नाही. इथेच आपल्या गोष्टीत आणि त्यांच्या गोष्टीत मोठा फरक आहे. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणरावांचा खून भरदिवसा वाड्यात झाला, गारदी कोण ते माहीत होते, आणि रामशास्त्र्यांनी चौकशी करून राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं. टॉवरला रामशास्त्री मिळाला नाही. 1674 मध्ये तिथल्या एका जिन्याखाली खोदकाम चालू असताना मुलांची हाडं सापडली, दुसऱ्या चार्ल्सच्या हुकुमाने ती वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवली, पण ती त्याच दोघांची का हे अजून सिद्ध झालेलं नाही. उशीने गुदमरवून मारलं ही गोष्ट पुढच्या राजवटीत लिहिली गेली आणि नाटकातून घराघरात गेली. काकावर संशय सगळ्यात जास्त आहे हे मलाही मान्य, पण त्यानेच मारलं असं छातीठोक मी म्हणणार नाही.

चित्रकारांना मात्र हा विषय सोडवेना. दलारोशनेच 1830 मध्ये केलेलं चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, मोठ्या पलंगावर दोघं एकमेकांना बिलगून बसलेत, पुस्तक उघडं आहे, पायाशी छोटा कुत्रा. इंग्लंडमध्ये मिले या चित्रकाराने 1878 मध्ये केलं ते वेगळं, काळ्या कपड्यातली, सोनेरी केसांची दोन मुलं जिन्याजवळ हात धरून उभी, आजूबाजूला नुसता अंधार. त्याचं एनग्रेव्हिंग सॅम्युअल कझिन्सने मेझोटिंट पद्धतीने केलं आणि त्या पद्धतीला हा विषय अगदी जन्माचा शोभतो, कारण मेझोटिंटमध्ये आधी धातूची पूर्ण प्लेट दातेरी हत्याराने खरबरीत करून टाकतात, ती तशीच छापली तर मखमलीसारखा गच्च काळा रंग येतो, आणि मग जिथे उजेड हवा तिथे घासून घासून गुळगुळीत करायचं. म्हणजे कारागीर अंधारापासून सुरुवात करतो आणि त्यातून त्या दोन पोरांचे चेहरे बाहेर काढतो.

प्रश्न (गिरगाव, मुंबई): झाडावर लपलेला राजा आणि खाली शोधणारे शिपाई, हे चित्र आमच्याकडे आजीच्या ट्रंकेत होतं. ही गोष्ट खरी का बनवलेली?

उत्तर: खरी, आणि तुम्ही गिरगावकर म्हणून तुम्हाला सांगायला जास्त आवडेल. हा दुसरा चार्ल्स. बापाचं, पहिल्या चार्ल्सचं, डोकं 30 जानेवारी 1649 ला लंडनमध्ये उडवलं होतं (त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, थंडीने थरथरलो तर लोकांना वाटेल भ्यायलो म्हणून त्याने दोन सदरे घातले होते), पोराने गादी मिळवायचा प्रयत्न केला आणि 3 सप्टेंबर 1651 ला वूस्टरच्या लढाईत सगळं गमावलं. वय 21, उंची सहा फुटांच्या वर, म्हणजे लपायला सगळ्यात अवघड माणूस. केस कापून, शेतकऱ्याचे कपडे घालून तो पळाला आणि 6 तारखेचा दिवस बॉस्कोबेलच्या ओकच्या झाडावर काढला, सोबत कर्नल केअरलेस नावाचा एकच सोबती, आणि थकून राजा त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपून गेला. चित्रांत शिपाई अगदी बुंध्याशी दाखवतात ते नाट्य वाढवायला, पण आसपासच्या रानात शोध चालू होता हे चार्ल्सने पुढे स्वतःच सांगितलं.

तो वाचला, 1660 मध्ये राजा झाला, आणि 1661 च्या करारात पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा आंदण म्हणून काय मिळालं, तर मुंबई! 1668 मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आजीच्या ट्रंकेतलं ते चित्र बघताना मला नेहमी वाटतं की त्या फांदीवर नुसता एक राजा बसलेला नाही, आपल्या शहराचं पुढचं सगळं नशीब तिथे पानाआड लपून बसलंय.

प्रश्न (कोल्हापूर, कॉलेज विद्यार्थिनी): ही सगळी चित्रं मरणाची, निरोपाची, तुरुंगाची का आहेत? आणि तरी रक्त कुठेच नाही! ही विकत कोण घ्यायचं?

उत्तर: फार चांगलं निरीक्षण आहे. स्कॉटलंडच्या मेरी राणीचं (जेन ग्रेच्या गोष्टीतली मेरी वेगळी) उदाहरण घे. 8 फेब्रुवारी 1587, फॉदरिंगेचा किल्ला, तिचा शिरच्छेद. प्रत्यक्षात पहिला घाव मानेवर न बसता डोक्याच्या मागे बसला, दुसरा मारावा लागला, आणि जल्लादाने डोकं उचलून दाखवलं तर हातात नुसता केसांचा टोप राहिला, खाली राणीचे पिकलेले बारीक केस. तिचा छोटा कुत्रा घागऱ्यात लपून बसला होता. हे सगळं नोंदलेलं आहे. पण मी पाहिलेल्या 19व्या शतकातल्या छापांत हे कुणी दाखवत नाही, दाखवतात ते मेरी शिक्षा ऐकतेय, दासींचा निरोप घेतेय, ताठ मानेने पायऱ्या चढतेय. कारण हे चित्र लागणार होतं बैठकीच्या खोलीत, पोराबाळांसमोर. घाव पडायच्या आधीचा क्षण दाखवला की पुढचं बघणारा स्वतःच मनात पूर्ण करतो आणि ते जास्त जिव्हारी लागतं.

घेणारे कोण, तर नव्याने हातात पैसा आलेला मध्यमवर्ग. पेंटिंग परवडत नाही पण भिंत मोकळी नको. लंडनमध्ये 1837 मध्ये आर्ट युनियन निघाली, वर्षाला एक गिनी (पौंडापेक्षा थोडी जास्त रक्कम) भरायची, मेंबरला एक एनग्रेव्हिंग घरपोच आणि वर सोडतीत नंबर लागला तर खरी कलाकृती. पॅरिसच्या गूपिल कंपनीने तर दलारोशच्या छापांवर मोठा धंदा उभा केला. आणि ज्यांना गिनीही जड त्यांच्यासाठी पेनीत मिळणारे साप्ताहिक अंक, जॉन कॅसलने इंग्लंडचा अख्खा सचित्र इतिहास असा हप्त्याहप्त्याने विकला, कामगार माणूसही आठवड्याला एक नाणं देऊन राजांचा इतिहास घरी जमवू शकत होता. हे शक्य झालं कारण तांब्याची प्लेट मऊ, थोड्या प्रतींत झिजते, पण 1820 नंतर पुस्तकांसाठी पोलादी प्लेट आली, ती हजारो प्रती देते, आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून धातूचा साचा काढायची सोय झाल्यावर तर मोजदादच नाही. ते साचे प्रकाशक एकमेकांना विकायचेसुद्धा, म्हणून एकच चित्र दोन पुस्तकांत दोन वेगळ्या नावांनी सापडलं तर गोंधळू नकोस.

आणि एक. जिवंत राणीचंही असंच केलंय. 20 जून 1837 ला 18 वर्षांची व्हिक्टोरिया राणी झाली आणि त्याच दिवशी तिची पहिली सभा भरली. चुलता नुकताच वारलेला, त्यामुळे ती होती काळ्या सुतकी कपड्यात. डेव्हिड विल्कीने चित्र काढताना तिला घातला पांढराशुभ्र पोशाख, भोवती काळ्या कोटातले म्हातारे मंत्री आणि मधे ती. चित्राचं एनग्रेव्हिंग झालं, घराघरांत गेलं, राणीला मात्र पुढे हे चित्र आवडेनासं झालं. जेन ग्रेला काळ्यातून पांढऱ्यात नेलं ते मरणासाठी, व्हिक्टोरियाला राज्यासाठी, आणि दोन्हीकडे कारण एकच, काळ्या शाईच्या कामात कोरा कागद हाच सगळ्यात लख्ख उजेड असतो आणि डोळा आधी तिथेच जातो.

प्रश्न (नागपूर, तसंच न्यू जर्सीहून दोन मेल): घरात असं चित्र आहे. खरं आहे का नक्कल हे कसं ओळखायचं, किंमत किती येईल, आणि जपायचं कसं?

उत्तर: आधी भिंग. धातूच्या प्लेटवरचं असेल तर चित्राभोवती चौकोनी दाब उठलेला दिसतो, प्लेट कागदात रुतते त्याची खूण, आणि शाई रेघेवर किंचित उंच असते, तिरप्या उजेडात कळतं. लाकडावरचं असेल तर दाब नसतो आणि पाठीमागे बहुतेक वेळा मजकूर छापलेला असतो, कारण ठोकळा खिळ्यांच्या, म्हणजे छापायच्या धातूच्या अक्षरांच्या, उंचीचाच असायचा आणि अक्षरांबरोबर एकाच वेळी छापला जायचा. भिंगाखाली रेघांऐवजी एकसारख्या ओळीत ठिपकेच ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली नंतरची छपाई. चित्राच्या खाली बारीक अक्षरं वाचा, डाव्या नावापुढे पिंक्सिट म्हणजे रंगवणारा, उजव्या नावापुढे स्कल्प्सिट म्हणजे कोरणारा. रंग असेल तर तो बऱ्याचदा पुस्तक फाडून पानं सुटी विकणाऱ्यांनी नंतर भरलेला असतो. किमतीबद्दल स्पष्ट सांगतो, साप्ताहिक अंकांतली पानं लाखांनी छापली गेली, त्यांचे फार पैसे येत नाहीत. आठवण म्हणून ठेवा.

जपायचं म्हणजे मुख्य शत्रू आपला पावसाळा. तांबूस ठिपके पडतात ते दमटपणाने, घरी ब्लीच लावून काढायला जाऊ नका, कागद मरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, सेलोटेप नको, इस्त्री नको. ॲसिड-फ्री माउंट, काच आणि चित्र एकमेकांना चिकटणार नाहीत एवढी जागा, बाहेरच्या ओल्या भिंतीवर टांगायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, कसर लागलीय का ते वर्षातून एकदा उघडून बघायचं. आणि फ्रेमवाल्याला हातात देण्याआधी चारदा बजावा की समास कापायचा नाही. माझ्याकडचं मेरी राणीच्या निरोपाचं पोलादी एनग्रेव्हिंग मी एका दुकानात टाकलं आणि चार दिवसांनी आणायला गेलो तर फ्रेममध्ये नीट बसावं म्हणून खालची पट्टी कापलेली, चित्रकाराचं नाव, कोरणाऱ्याचं नाव, प्रकाशकाचा पत्ता सगळं केराच्या टोपलीत. टोपली उलटी करून शोधलं, एक तुकडा मिळाला, त्यावर फक्त लंडन एवढंच होतं. तो तुकडा मी फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवलाय. कोरणारा कोण होता हे आता मला कधीच कळणार नाही आणि त्याचं वाईट आजही वाटतं.

प्रश्न (रत्नागिरी, इयत्ता चौथी): दोन राजपुत्रांच्या चित्रातला कुत्रा कुठे बघतोय?

उत्तर: बाळा, पलंगाच्या बाजूला दार आहे बघ, बंद दार. त्याच्या खाली बारीकशी फट आहे आणि फटीतून उजेड येतोय. म्हणजे दारापलीकडे कुणीतरी दिवा घेऊन आलंय. कुत्रा तिकडे बघतोय. एवढ्या मोठ्या चित्रात ती फट तुझ्या करंगळीच्या नखाएवढीसुद्धा नाही, आणि कोरणाऱ्याने ती राखलीय, आजूबाजूला सगळीकडे रेघाच रेघा आणि तेवढी एक जागा कोरी सोडलेली. भिंग घेऊन बघ, सापडेल.